बुऱ्हाणपूरच्या लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी

लग्नपत्रिकेवर विवाहस्थळ म्हणून बुऱ्हाणपूर हे नाव वाचले की आपल्या गोव्यातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, हे गाव नेमके कुठे? दुसरा, तिथे खायचे काय? आणि परतीच्या गाडीला दीड-दोन दिवस असतील तर तिसरा, पाहायचे काय? ओळखीतल्या एका घरची सोयरीक तिकडे जुळल्यापासून हे तिन्ही प्रश्न मला इतक्यांदा विचारण्यात आले आहेत की त्यांची उत्तरे एकदाच सविस्तर लिहून काढावीत असे ठरवले.

लिहायला बसलो आणि ध्यानात आले की या शहराचा सहाशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी पाहुण्यांचा इतिहास आहे. कोणी निमंत्रणाने आले, कोणी डोलीत लपून आले, कोणी तलवार उपसून आले, तर कोणी आश्रय मागत आले. या पाहुण्यांचे काय झाले आणि त्यांनी यजमानांचे काय केले, हे कळले तर गाव पाहण्यात खरी गोडी आहे. म्हणून स्थळांची नुसती यादी न देता त्या गोष्टींसह देतो.

आधी पहिला प्रश्न. बुऱ्हाणपूर तापीच्या काठी आहे, मध्य प्रदेशात आहे, पण महाराष्ट्राची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तासाभरात हे स्टेशन येते. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस भुसावळवरून जाते, त्यामुळे आपल्याला ही वाट परकी नाही. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा होऊन बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. कागदोपत्री भाषा हिंदी असली तरी हा जुन्या खानदेशचाच भाग. फारुकी सुलतानांच्या काळात तर हीच खानदेशची राजधानी होती. बाजारात मराठी बोललात तर बहुतेक ठिकाणी मराठीतच उत्तर मिळेल. स्टेशन गावाबाहेर लालबाग भागात आहे, तिथून गावात यायला रिक्षा मिळतात.

आता पाहण्याचे. एक पूर्ण दिवस मोकळा असेल तर सकाळ अशीरगडाला द्यावी. इंदूरच्या रस्त्यावर सुमारे वीस-बावीस किलोमीटरवर सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर हा किल्ला आहे. मलयगड, कमरगड आणि अशीरगड असे त्याचे तीन टप्पे. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट याच्या नजरेखालून जाते, म्हणून याला दख्खनचा दरवाजा म्हणत. वर एक पडीक मशीद आहे आणि एक शिवमंदिर आहे. अश्वत्थामा अजून पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो अशी तिथली श्रद्धा. गाइड ती गोष्ट हमखास सांगतो. मी सांगणार आहे ती गोष्ट दुसरी.

फेरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. आसा अहीर नावाचा एक श्रीमंत पशुपालक या डोंगरावर राहत असे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याने आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली आणि हाताला काम मिळावे म्हणून किल्ल्याची तटबंदी बांधायला घेतली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशच्या गादीवर नासिरखान फारुकी आला. त्याने आसाला निरोप धाडला, शत्रू माझ्यावर चालून येत आहेत, माझ्या घरच्या बायकामुलांना तुझ्या किल्ल्यावर आश्रय दे. आसाने आनंदाने होकार दिला. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे डोल्या वर चढल्या. नव्या पाहुण्यांना सामोरा जायला आसा आपल्या मुलांसह निघाला, तोच डोल्यांतून हत्यारबंद सैनिक बाहेर पडले. आसा आणि त्याची मुले तिथेच मारली गेली. किल्ला नासिरखानाचा झाला आणि नाव मात्र आसाचे राहिले.

ही हकीकत सांगणारा फेरिश्ता विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १६०४ मध्ये आदिलशहाच्या मुलीचे लग्न अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी ठरले. नवरीला पोचवायला जी मंडळी निघाली त्यांत फेरिश्ता होता. गोदाकाठी पैठणला लग्न लागले आणि मग तो नवरीच्या सोबतीने थेट बुऱ्हाणपूरपर्यंत आला. म्हणजे डोल्यांची ही दगाबाज गोष्ट आपल्यापर्यंत पोचवणारा माणूस स्वतः एका डोलीबरोबर बुऱ्हाणपुरात आलेला वऱ्हाडी होता! लग्नाच्या पाहुण्याने डोळे उघडे ठेवून हिंडावे, हे सांगायला याहून चांगला दाखला मला सापडला नाही. (तो संसार मात्र लौकरच संपला. दारूच्या व्यसनापायी दानियाल थोड्याच काळात बुऱ्हाणपुरातच मरण पावला.)

फेरिश्ता दुसऱ्याही एका पाहुण्याची गोष्ट सांगतो. किल्ला मिळाल्यावर नासिरखानाला भेटायला दौलताबादेहून शेख झैनुद्दीन हे सूफी संत आले आणि तापीच्या पलीकडच्या तीरावर उतरले. राजाने त्यांना जहागीर देऊ केली. फकिराला जहागिरीचे काय, म्हणून त्यांनी नाकारली. फारच आग्रह झाला तेव्हा एवढेच म्हणाले की तुझी छावणी आहे त्या तीरावर माझ्या गुरूंच्या नावाने एक शहर वसव. गुरू म्हणजे खुलताबादचे बुऱ्हानुद्दीन गरीब. त्यांच्या नावाचे ते बुऱ्हाणपूर, आणि पलीकडच्या तीरावर शिष्याच्या नावाचे झैनाबाद. ही कथा कालगणनेत बसत नाही हेही सांगायला हवे. शेख झैनुद्दीन १३६९ मध्येच निवर्तले होते आणि नासिरखान गादीवर आला तो १३९९ मध्ये. पण गुरुशिष्यांच्या नावांची ही दोन गावे समोरासमोर आहेत हे खरे. एक पाहुणा यजमानाचा जीव घेऊन गेला आणि दुसरा काहीच न घेता दोन नावे ठेवून गेला. गावाने आपल्या जन्माच्या कथेत हे दोन्ही पाहुणे शेजारी शेजारी जपून ठेवले आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

अशीरगडावरच आपल्या गोव्याचाही धागा आहे. अकबराने १६०० मध्ये या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा जेरोम झेवियर आणि बेंतु द गोइश हे जेझुइट त्याच्या छावणीत होते. किल्ल्याच्या बचावात काही पोर्तुगीज लोकही होते. तोफा आणि दारूगोळ्यासाठी चौलच्या पोर्तुगीजांना पत्र लिही, असे अकबराने झेवियरला सांगितले. त्याने नकार दिला आणि बादशहाची नाराजी ओढवून घेतली. किल्ल्याचा मालक बहादूरखान फारुकी बोलणी करायला खाली उतरला. जेझुइटांच्या वृत्तांतानुसार त्याला अभय देऊन बोलावले आणि मग परत जाऊ दिले नाही. मोगल बखरकार किल्ल्यातल्या रोगराईचे कारण पुढे करतात. काहीही असो, जानेवारी १६०१ मध्ये किल्ला पडला. त्याच वर्षी अकबराची वकिलात गोव्याला आली, तिच्यासोबत गोइश होता. पुढे हाच गोइश खुष्कीच्या मार्गाने चीनला गेला आणि १६०७ मध्ये तिथेच वारला.

दुपारी गावात परतलात की जामा मशिदीत जा. भर बाजारात आहे, दोन उंच मिनार दुरून दिसतात. राजा अलीखान उर्फ आदिलशहा फारुकी याने ती बांधली. आत पश्चिमेच्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. त्यात ईश्वराची स्तुती आहे, फारुकींची वंशावळ आहे आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ असा काळ तिथी, वार, नक्षत्रांसह दिला आहे. म्हणजे इसवी सन १५९० चा आरंभ. आपण लग्नपत्रिकेवर शके आणि तिथी छापतो, तसाच हा मशिदीचा मुहूर्त. प्रजेपैकी ज्यांना अरबी येत नाही त्यांनाही वाचता यावे, असा विचार त्यामागे असावा असे मला वाटते. अशीरगडच्या विजयाची नोंद अकबराने याच मशिदीत कोरवून घेतली आहे. जिंकणारा पाहुणा यजमानाच्या भिंतीवर आपले नाव लिहून जातो, त्याचा हा नमुना. नमाजाची वेळ टाळून जावे आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत, हे सांगायला नको.

मोगलांपैकी ज्याने या गावावर खरोखर उपकार केले तो अब्दुर्रहीम खानखाना. दोह्यांमुळे आपण ज्याला रहीम म्हणून ओळखतो तोच. सुभेदार म्हणून तो इथे बरीच वर्षे राहिला. १६१५ च्या सुमारास त्याच्या कारकिर्दीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी तज्ज्ञाने पाण्याची योजना आखली. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत तापीकडे निघालेले पाणी वाटेतच विहिरींत धरायचे, त्या विहिरी भुयाराने एकमेकींना जोडायच्या आणि निव्वळ उताराच्या जोरावर पाणी गावात आणायचे. ना मोट, ना पंप. अशा आठ योजना झाल्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावे. पाहता येतो तो कुंडी भंडारा, लोक त्याला खूनी भंडारा असेही म्हणतात. शंभरावर कुंड्यांची ही रांग लालबागेकडे, म्हणजे स्टेशनच्याच बाजूला आहे. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरायची सोय करण्यात आली आहे. खाली भुयारात पायाशी थंड, स्वच्छ पाणी वाहते आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. लिफ्ट चालू आहे की नाही ते यजमानांकडून आधी विचारून घ्या. २०२४ मध्ये या भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेले. मला विचाराल तर बुऱ्हाणपुरात एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर हीच पाहावी. पाहुण्याला आपण आधी पाण्याचा तांब्या देतो. या गावात तो तांब्या चारशे वर्षांपूर्वी एका पाहुण्यानेच भरून ठेवला.

कुंडी भंडारा आकाराला आला त्याच सुमारास, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना इथे थांबला. जहांगीरचा मुलगा परवेझ तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. रोने जमिनीला डोके टेकवायला नकार दिला, नजराणे दिले, आणि खासगीत भेटायचे आश्वासनही मिळवले. पण नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहजाद्याने ती इतकी मनावर घेतली की पुढची भेट होऊच शकली नाही! आहेर निवडताना विचार करावा, एवढाच बोध.

मुमताजमहलची गोष्ट पाहुण्यांना कोणीही सांगेल, म्हणून ती मागे ठेवली. तापीकाठच्या शाही किल्ल्यात चित्रे काढलेल्या छताचा हमाम आहे, तो जरूर पाहा. खानजहान लोदीच्या बंडाचा बंदोबस्त करायला शाहजहान १६३० मध्ये इथे आला होता. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथे वारली. पलीकडच्या तीरावर झैनाबादेत आहूखाना नावाचा हरणांचा बाग होता, तिथे तिला तात्पुरते पुरले. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, देह आग्र्याला हलवला. आज आहूखान्यात फार काही उरलेले नाही. तरीही तिथे जाऊन तापी पाहावी.

पण त्या वर्षी बुऱ्हाणपुरात मेलेली ती एकटी नव्हती. १६३० ते १६३२ हा गुजरात, खानदेश आणि दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. पीटर मंडी हा इंग्रज त्याच हिवाळ्यात सुरतेहून याच वाटेने आग्र्याला गेला. वाटेत पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. बादशाहनामा सांगतो की बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. वीस आठवड्यांत एक लाख. आसा अहिराने कोठार उघडले त्याच्याच पायथ्याशी ही वेळ यावी! त्या भुकेल्यांची कबर कुठे नाही, म्हणून पाहुण्यांना त्यांच्याबद्दल कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगितले.

आता भूक आणि जेवण. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी देशभर प्रसिद्ध आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडला रमजानात हीच जिलेबी बुऱ्हाणपूरच्या नावावर विकली जाते. आपल्या मैद्याच्या कुरकुरीत जिलेबीशी तिचा संबंध नावापुरता. खव्याची, जाडसर, काळपट तांबूस, चवीला गुलाबजामाच्या जवळची. दोन खाल्ल्या की पुरे होतात. दुसरा पदार्थ दराबा. रवा, साखर आणि तूप फेटून फेटून इतके हलके करतात की जिभेवर ठेवताच विरघळते. परतीच्या प्रवासात घरच्यांसाठी न्यायला हाच बरा. तिसरा मांडा. उपड्या कढईवर भाजलेली रुमालासारखी पातळ, भली मोठी रोटी. मुसलमानी लग्नांत ती मटणाच्या रश्श्याबरोबर असते. खानदेशी हिंदू घरांत खापरावरचे पुरणाचे मांडे करतात. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. त्या मुक्ताबाईचे समाधिस्थान, मुक्ताईनगर, भुसावळहून सडकेने बुऱ्हाणपूरला येताना वाटेतच लागते. तिथे थांबूनच पुढे या. जेवायला भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी मिळाली तर सोडू नका. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. केळी तर गावाबाहेर पडले की दुतर्फा.

तापीकाठीच बोहर्डा गावाजवळ बत्तीस खांबांची एक छत्री आहे. पुरंदरच्या तहाचा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला, त्याची ही छत्री. संध्याकाळी नदीवर ऊन तिरके झाल्यावर जावे. गुरू गोविंदसिंगही नांदेडला जाताना १७०८ मध्ये बुऱ्हाणपुरात राहिले होते, त्यांच्या आठवणीचा गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी आहे, देशोदेशीचे यात्रेकरू तिथे येऊन उतरतात.

आणि आता आपण मराठी पाहुणे. आपणही इथे पहिल्यांदाच चाललेलो नाही. १६८१ च्या जानेवारीअखेर, संभाजी महाराजांच्या राज्यारोहणानंतर लगेच, हंबीरराव मोहिते सैन्यासह बुऱ्हाणपूरच्या बहादूरपुऱ्यावर येऊन कोसळले. तीन दिवस पेठा लुटल्या गेल्या. शाळेत हे शिकताना छाती फुगली होती आणि त्या लढ्यात मोगलांची तिजोरी फोडणे भाग होते, हेही मी मानतो. पण पेठ म्हणजे दुकाने, घरे, माणसे. ज्या गावाच्या पंगतीला आपण बसणार, त्या गावाच्या आठवणीत आपली पहिली ओळख ही आहे. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांकडे आले आणि मग शिंद्यांकडे गेले. लुटायला आलेले मराठे हळूहळू इथलेच होऊन राहिले.

त्यांच्यापैकीच एकाने अशीरगडाची शेवटची गोष्ट घडवली. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव याच परिसरात इंग्रजांना शरण आला. १८१९ च्या आरंभी नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांना चुकवत पळत पळत अशीरगडाशी आले. शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने त्यांना आत घेतले. इंग्रजांनी किल्ला मागितला, त्याने दिला नाही. तोफा डागल्या गेल्या आणि ९ एप्रिल १८१९ रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तो कायमचाच. अप्पासाहेब तोवर निसटले होते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी या किल्ल्याचा पहिला यजमान पाहुण्यांना आत घेतल्यामुळे मेला, आणि शेवटच्या किल्लेदारानेही पाहुण्याला आत घेतल्यामुळेच किल्ला गमावला. पहिल्याचा अनुभव जगजाहीर असताना दुसऱ्याने दार उघडले, याला काय म्हणावे? राजकारणात ही चूक ठरली असेल. मला मात्र तो गड चढताना सर्वांत मोठी माणसे हीच दोन वाटतात.

तेव्हा मंडळी, लग्नाला जरूर जा. यजमान तुम्हाला जानवशावर उतरवतील, आग्रह करकरून वाढतील. एक सकाळ अशीरगडाला, एक दुपार मशिदीला आणि किल्ल्याला, एक संध्याकाळ तापीला आणि निघायच्या दिवशी स्टेशनच्या वाटेवर कुंडी भंडाऱ्याला द्या. भिंतींवर नावे कोरू नका, ते काम अकबराने करून ठेवले आहे. कुंडीत काही टाकू नका. आणि आहेराचे पाकीट देताना यजमानांना दोन शब्द त्यांच्या गावाबद्दल बोला, आसा अहिराबद्दल, रहीमच्या पाण्याबद्दल. आपल्या गावाचे नाव आग्र्याला गेलेल्या कबरीसाठीच घेतले जाते, अशी खंत मी तिथल्या एकाहून अधिक माणसांकडून ऐकली आहे. ती थोडी जरी कमी झाली तरी तुमचा आहेर पोचला म्हणायचा.